हिरव्या एप्रनमधले नरसिंहन

लक्ष्मण नरसिंहन यांचं नाव निघालं की पुण्यात पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आपल्या सीओईपीचा!’ जन्म पुण्याचा, इंजिनिअरिंग इथलंच. पुढे अमेरिकेत व्हार्टनचं एमबीए, मॅकिन्झीत १९ वर्षं, मग पेप्सिको, त्यानंतर ब्रिटनमधल्या रेकिटचं प्रमुखपद. हे सगळं कौतुकाचंच. पण मला त्यांच्या कारकिर्दीतले मोलाचे वाटतात ते कॉफी करायला शिकण्यात गेलेले महिने.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ते स्टारबक्समध्ये आले, ते थेट मुख्य खुर्चीवर बसले नाहीत. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांच्याकडून कारभार घेण्याआधी त्यांनी हिरवा एप्रन बांधला, काउंटरमागे उभं राहून काम शिकले आणि बरिस्ता म्हणून रीतसर तयार झाले. मार्च २०२३ मध्ये सूत्रं हाती घेतली, तेव्हा दर महिन्याला अर्धा दिवस दुकानात काम करीन, असं त्यांनी कर्मचाऱ्यांना लिहून कळवलं.

याला कुणी दिखावा म्हणेल. मला तसं वाटत नाही. एक मोका फ्रॅपुचिनो घ्या. बर्फ काढा, दूध ओता, सिरप घाला, ब्लेंडर फिरवा, वर क्रीम. कंपनीनेच २०२२ मध्ये सांगितलेला हिशेब असा, की या एका पेयाला १६ पायऱ्या आणि ८७ सेकंद लागत. त्यात कुणाला ओटचं दूध हवं, कुणाला सिरप निम्मं. समोर सकाळची रांग, आणि मोबाइलवरच्या ऑर्डरी येतच असतात. तिथे उभ्या असलेल्या मुलीचे हात किती वेगाने चालू शकतात, हे मुख्यालयातल्या तक्त्यात दिसत नाही. ते तिच्या शेजारी उभं राहूनच कळतं.

पण हे शिकणं आकड्यांत दिसलं नाही. एप्रिल २०२४ च्या अखेरीस तिमाहीचे आकडे आले. जुन्या दुकानांची विक्री जगभरात ४ टक्क्यांनी घटली होती, चीनमध्ये तर ११ टक्क्यांनी. चीनमध्ये लकिनसारख्या स्वस्त कॉफीवाल्यांनी गिऱ्हाईक ओढलं होतं, अमेरिकेत महागाईने माणसं हात आखडून होती. ॲपवर ऑर्डर द्यायला घेऊन, थांबावं लागेल हे पाहून ती अर्ध्यावर सोडणारे ग्राहकही होते. ही गोष्ट नरसिंहन यांनी स्वतःच मांडली. गुंतवणूकदारांचं समाधान झालं नाही. शुल्ट्झ यांनी जाहीरपणे कान टोचले. ऑगस्टमध्ये, जेमतेम १७ महिन्यांत, नरसिंहन यांना जावं लागलं आणि शेअर एका दिवसात २४ टक्क्यांनी उसळला.

त्या उसळीचं मला वाईट वाटलं. नरसिंहन यांचंही चुकलं असेल. रोग ओळखला तरी उतारा पडण्याचा वेग त्यांना दाखवता आला नाही. पण हजारो दुकानांतलं काम बदलायचं, नवी यंत्रं बसवायची, माणसांना त्यांची सवय लावायची, याला चार-सहा तिमाह्या पुरत नाहीत. सॉफ्टवेअरसारखं रातोरात बदलता येणारं हे काम नव्हे.

त्यांच्या जागी आलेल्या ब्रायन निकोल यांनी काय हाती घेतलं? मेन्यू आटोपशीर करायचा, बरिस्तांवरचा ताण कमी करायचा, आणि पेय चार मिनिटांत गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं.