डाव घेऊन घरी

विटीदांडू खेळणाऱ्या प्रत्येक आळीत एक मुलगा हमखास असायचा. ओली-सुकी करून तो पहिला डाव मिळवी, मनसोक्त विटी टोलवी आणि राज्य द्यायची वेळ आली, की नेमकी त्याच्या आईची हाक येई! आम्ही आपले उन्हात उभे. त्या मुलाचे पुढे काय झाले याची चौकशी मी केली नाही. पण अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलने वर्षानुवर्षे त्याचाच कित्ता गिरवला, हे मला भाच्याकडून कळले.

भाचा बफेलोला असतो. तिथला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. चेंडू काखेत मारून धावायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकले, की आणखी चार प्रयत्न मिळतात. शेवटची रेषा गाठली की टचडाऊन, त्याचे सहा गुण. ते न जमले, तर खांबांमधून चेंडू लाथाडून तीन. थोडक्यात, चेंडू ज्याच्या हाती त्याचा डाव. बरोबरी झाली की जादा वेळ, आणि त्यात पहिला डाव कुणाचा ते नाणे ठरवणार. पूर्वी जो आधी गुण करील तो जिंकला, असा सरळ हिशेब होता. २०१० साली बादफेरीपुरती दुरुस्ती झाली: पहिल्या डावात तीनच गुण झाले, तर दुसऱ्यालाही संधी; टचडाऊन झाले, तर मात्र खेळ खलास.

२३ जानेवारी २०२२ रोजी बफेलो बिल्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स यांचा सामना ३६-३६ असा अडला. नियमित वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत दोघांनी मिळून २५ गुण केले होते! नाणे उडाले. बफेलोच्या जोश अ‍ॅलनने काटा मागितला, पडला छापा. चीफ्सनी चेंडू घेतला, टचडाऊन केले, ४२-३६. त्या रात्री अफाट खेळलेल्या अ‍ॅलनला जादा वेळेत चेंडूचे दर्शनही झाले नाही. भाचा फोनवर अक्षरशः रडवेला झाला होता. “मामा, हा काय न्याय?”

गंमत पुढेच आहे. २०१९ च्या जानेवारीत न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी याच चीफ्सना अस्सेच, चेंडू हाती न देता, ३७-३१ असे हरवले होते. तेव्हा चीफ्सनी नियम बदलण्याचा अर्ज केला, तो बारगळला. तीन वर्षांनी तोच नियम त्यांना पावला. त्यांनी बक्षीस परत केल्याचे ऐकिवात नाही. (आठवड्याभरात सिनसिनाटीविरुद्ध टॉस जिंकूनही ते हरले, हा नाण्याचा वेगळाच खोडसाळपणा.)

तिकडचे कर्मठ म्हणत, अडवणे हाही खेळच, अडवायचे होते! वरवर पटते. पण अडवण्याची परीक्षा एकाच संघाची झाली, दुसऱ्याला पेपरच नाही, हे कसे? २०१० च्या दुरुस्तीनंतर बादफेरीचे बारा सामने जादा वेळेत गेले. त्यांतले दहा टॉस जिंकणाऱ्याने जिंकले, सात तर पहिल्याच डावात. अखेर मार्च २०२२ मध्ये मालकांनी २९ विरुद्ध ३ मतांनी ठरवले, की बादफेरीत दोघांनाही एकेक डाव. २०२५ पासून साखळी सामन्यांनाही हाच नियम आला.

आता सगळे बरोबर झाले म्हणावे, तर २०२४ च्या फेब्रुवारीत अंतिम सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोने टॉस जिंकून पहिला डाव घेतला आणि तीन गुण केले. चीफ्सना किती हवे ते ठाऊक होते. टचडाऊन करून ते २५-२२ ने जिंकले. धावांचा पाठलाग करणाऱ्याचा हा फायदा आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊकच आहे. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोच्या काही खेळाडूंनी नंतर कबूल केले, की नवा नियम आपल्याला माहीतच नव्हता! म्हणजे तराजूचे पारडे अजून थोडे कललेलेच आहे. पण दोन्ही पारड्यांत काहीतरी पडते, एवढे मला पुरते. हरणाऱ्याला निदान स्वतःच्या हाताने हरता येते.

भाच्याला हे पटले नाही. त्याच्या मते २०२२ चा तो सामना पुन्हा खेळवायला हवा. मी त्याला फक्त आठवण दिली, की सुट्टीत आमच्याकडे आला, की बॅटिंग आटोपताच त्याला कडकडून तहान लागायची. तो म्हणाला, “मामा, ती खरोखरच लागायची हो!”