गुरूची गादी हवी, परीक्षा नको!

‘असॅसिन्स क्रीड’ या खेळमालिकेंतील ‘शॅडोज्’ हा जपानविषयक खेळ २०२५ च्या मार्चमध्यें बाहेर आला. त्याचा एक नायक यासुके हा आफ्रिकन योद्धा. नायक काळा कां, म्हणून जो गिल्ला झाला, तो सर्वस्वीं पोकळ आहे. यासुके ही कविकल्पना नव्हे. १५८१ सालीं तो ओदा नोबुनागाच्या पदरीं राहिला, यास जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांची व नोबुनागाच्या जपानी चरित्राची साक्ष आहे. १५८२ नंतर मात्र कागदपत्रें मौन धरतात. तेथून पुढें सारें राज्य कल्पनेचें.

कल्पनेस आमची ना नाहीं. आक्षेप आहे तो दुटप्पीपणास. २०१८ सालीं याच मालिकेनें लढाई वगळून प्राचीन इजिप्तची शैक्षणिक सहल घडविली, म्हणजे गुरूची गादी घेतली. पुढें २०२४ सालीं जपानी लोकांनीं हरकत घेतांच, आमचे खेळ म्हणजे इतिहासाचें यथार्थ चित्र नव्हे, असा खुलासा उबीसॉफ्ट कंपनीनें केला. स्तुतीच्या वेळीं इतिहास आणि जाब देण्याच्या वेळीं कल्पित कथा, हा कोठला न्याय? पडद्यावर पाहिलेलें मुलांच्या मनांत खरें म्हणून ठसतें. ज्यास शिकवावयाचें आहे, त्यानें प्रश्नांस उत्तरही दिलें पाहिजे.