मथळा आणि मंडईची पिशवी

नोव्हेंबर २०२५ च्या मध्यास बहुतेक दैनिकांनी एक बातमी ठळकपणे दिली होती. ऑक्टोबर महिन्यातील किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यावर उतरला. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून चाललेल्या निर्देशांकाच्या मालिकेतील तो सर्वांत खालचा दर ठरला. नाशिक जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक असलेल्या, घरी दोन मुलांची शिक्षणे चालू असलेल्या आणि ज्याचा थोरला भाऊ मळ्यात कांदा पिकवतो अशा गृहस्थाने ती बातमी कशी वाचली असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. त्याने चष्मा पुसला असेल, मथळा पुन्हा एकदा वाचला असेल आणि स्वयंपाकघराच्या दिशेने म्हटले असेल, “अगं, ऐकलंस का? महागाई संपली म्हणे!” आतून उत्तरही तितक्याच थोडक्यात आले असेल, “मग आज पिशवी घेऊन तुम्हीच जा मंडईत.”

मथळ्यांवरच्या अशा एका वाक्यातील प्रतिक्रिया जाणकार मंडळी बहुधा हसण्यावारी नेतात. सामान्य वाचकाला ‘दर’ आणि ‘किंमत’ यांतील फरक कळत नाही, हा त्यांचा ठरलेला अभिप्राय. तो काही अंशी खरा आहे. तथापि हा फरक मथळ्याने तरी कुठे सांगितलेला असतो? महागाईचा दर शून्याजवळ आला याचा अर्थ किंमती खाली आल्या असा नाही. त्या वर्षभरापूर्वी जिथे होत्या, तिथेच साधारणपणे थांबल्या, एवढाच. आणि वर्षभरापूर्वी त्या कुठे होत्या? ऑक्टोबर २०२४ मध्ये हाच दर ६.२१ टक्के होता. म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये जी वस्तू शंभर रुपयांना मिळे, ती वर्षभराने १०६ रुपये २१ पैशांना आणि आणखी वर्षाने सुमारे साडेएकशेसहा रुपयांना झाली. जिना चढून वरच्या मजल्यावर गेलेला माणूस तिथे उभा राहिला म्हणून तो खाली उतरला असे कोणी म्हणत नाही. महागाईच्या बाबतीत मात्र नेमके तसेच म्हटले जाते, आणि वाचकाने ते मान्य केले नाही की त्यालाच अडाणी ठरवले जाते.

खाद्यपदार्थांची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यांची महागाई ऑक्टोबर २०२४ मध्ये १०.८७ टक्के होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती उणे ५.०२ टक्के झाली. येथे किंमती खरोखरच उतरल्या. परंतु शंभराचे ११०.८७ झाले आणि त्यांतून पाच टक्के वजा गेले, तरी उरतात ते १०५ रुपये ३० पैसे. भाजीपाला एका वर्षात ४२.१८ टक्क्यांनी चढला आणि पुढच्या वर्षी २७.५७ टक्क्यांनी उतरला. चढ आणि उतार यांची ही बेरीज-वजाबाकी केली, तर भाजी दोन वर्षांपूर्वीच्या किंमतीच्या तीन टक्के वरच येऊन थांबते. टक्केवारीचा हा खेळ सातवीच्या गणितात शिकवला जातो. वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर पोहोचेपर्यंत तो हरवतो.

पण येथे लिपिकाच्याही कानाला थोडा हात लावला पाहिजे. कारण भाजी आदल्या वर्षीपेक्षा स्वस्त झाली, हेही खरेच होते, आणि ते त्याच्या पिशवीला कळले असले तरी त्याच्या तोंडून कधी आले नसेल. चढलेली किंमत माणूस वर्षभर सांगत फिरतो. उतरलेली किंमत तो आपला हक्क समजतो. सरकारी आकडा आपल्या अनुभवाशी जुळला नाही की तो आकडाच खोटा, हा निष्कर्ष सोपा आहे आणि चुकीचाही. आकडा खोटा नसतो. तो दुसऱ्याच कोणाचा असतो. २०१२ च्या त्या मालिकेतील टोपली २०११-१२ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीवरून बांधलेली होती. तीत खाद्यपदार्थ आणि पेये यांना ४५.८६ टक्के वजन होते, आरोग्याला ५.८९ टक्के आणि शिक्षणाला अवघे ४.४६ टक्के. ज्याची मुलगी अभियांत्रिकीला आहे आणि मुलगा शिकवणी वर्गाला जातो, त्या लिपिकाच्या पगारातून शिक्षणाकडे जाणारा हिस्सा साडेचार टक्के कसा असेल? सरासरी कुटुंब हे कोणाच्याच गल्लीत राहत नाही.

गंमत अशी की, ज्या आकड्यावर तो रागावतो त्या आकड्यावर त्याचा महागाई भत्ता ठरतही नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा भत्ता श्रम मंत्रालयाच्या सिमल्याच्या कार्यालयात तयार होणाऱ्या औद्योगिक कामगारांच्या वेगळ्या निर्देशांकावर आणि त्याच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. जुलै २०२५ पासून तो ५५ वरून ५८ टक्के झाला, आणि राज्ये बहुधा आपापल्या सवडीने केंद्राच्या मागून जातात. ‘महागाई घटली’ हे वाचून ‘आता भत्ता गेला’ असा सुस्कारा कचेऱ्या-कचेऱ्यांतून निघतो, तो म्हणूनच अर्धा अनाठायी असतो. एकच घर महागाईला शिव्याही देते आणि भत्त्यासाठी तिच्याकडे आशेने पाहतेही. यात दांभिकपणा नाही. पगारदाराचे जिणेच तसे आहे.

या प्रतिक्रियांत खरोखर काय पणाला लागलेले असते, ते थोरल्या भावाच्या मळ्यावर गेल्याशिवाय दिसत नाही. ‘भाजीपाला स्वस्त, ग्राहकांना दिलासा’ हा मथळा त्याच्यासाठी आपल्या उत्पन्नाच्या घसरणीची सूचना असते. उन्हाळ कांदा मार्चपासून मेपर्यंत निघतो. बरा भाव येईल या भरवशावर तो चाळीत भरला जातो, आणि तिथे तो महिन्यागणिक वजनात घटतो, सडतो, कोंब काढतो. दिवाळीच्या सुमारास उरलेला कांदा घेऊन तो लासलगावला जातो, तेव्हा नवा लाल कांदा बाजारात येऊ लागलेला असतो. भाव चढला तर शहरातल्या आवृत्तीत ‘कांद्याने डोळ्यांत पाणी आणले’ असा मथळा येतो. भाव पडला तर तोच मथळा जिल्हा आवृत्तीत येतो. डोळे तेवढे वेगळे. शहरी डोळ्यांतील पाणी दिल्लीला लवकर दिसते, हा मात्र नेहमीचा अनुभव आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि नाशिक जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातच बंद झाली. ती मे २०२४ मध्ये उघडली, पण शुल्क आणि किमान निर्यात मूल्य यांच्या अटींसह. सप्टेंबरात शुल्क निम्मे झाले आणि एप्रिल २०२५ पासून ते पूर्ण उठले. ते उठले तेव्हा दिलासा देणारा मथळा आला खरा; मधल्या वीस महिन्यांत जे परदेशी गिऱ्हाईक दुसरीकडे वळले असेल, त्याचा मथळा कोणी छापला नाही.

एकाच आईच्या दोन मुलांना एकाच सकाळी एकच बातमी अशी दोन तऱ्हेने लागते. सणासुदीला ते एका पंगतीत बसतात, तेव्हा कांद्याच्या भावाचा विषय निघू नये याची काळजी घरातल्या बायका घेतात. धाकटा म्हणतो, “दादा, चाळीस रुपये किलो घेतला काल.” थोरला विचारतो, “मला त्यातले किती मिळाले, ते विचार की.” हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. शेतावरची किंमत आणि दुकानातली किंमत यांमधील अंतर कोठे जाते, हे मथळ्याच्या आठ शब्दांत मावत नाही हे मान्य. पण बातमीच्या चौथ्या परिच्छेदातही ते का सापडू नये?

त्याच घरात ओसरीवर बसलेल्या निवृत्त वडिलांची तऱ्हा आणखी निराळी. महागाई उतरल्यामुळे रिझर्व्ह बँकेला २०२५ या एका वर्षात रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांपर्यंत आणता आला. ‘कर्जे स्वस्त होणार’ असे वृत्तपत्रांनी छापले. वडिलांनी मुदत ठेवीची पावती ट्रंकेतून काढून नूतनीकरणाची तारीख पाहिली असेल. कर्ज त्यांना काढायचे नाही, आणि या वयात त्यांना ते देणारही कोण?

इतर मथळ्यांविषयी थोडक्यातच सांगता येईल. मे २०२५ मध्ये भारत जपानला मागे टाकून जगातील चौथी अर्थव्यवस्था झाल्याचे गाजले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ज्या कोष्टकाचा हवाला दिला गेला, त्यात दोन देशांमधील फरक नाममात्र होता आणि तोही त्या वर्षाच्या अंदाजाचा. शिवाय जपानची लोकसंख्या सव्वाबारा कोटींच्या आसपास, आपली एकशे चाळीस कोटींवर. समान उत्पन्न वाटले तर माणशी किती येते, हे शाळकरी मुलगाही सांगेल. शेअर बाजाराचे ‘कोसळणे’ही असेच अंशांत मोजले जाते. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स एका दिवसात ५७० अंशांनी पडला, ती जवळजवळ १३ टक्के घसरण होती. ४ जून २०२४ रोजी तो ४,३८९ अंशांनी पडला, ती सहा टक्क्यांहून कमी. मथळ्याचा टाइप मात्र दुसऱ्या वेळी मोठा होता.

वृत्तपत्रांनी अर्थशास्त्राचे वर्ग चालवावेत, असे कोणी म्हणणार नाही. मागणी फार लहान आहे. महागाईचा दर छापताना शेजारी एक ओळ द्यावी : दोन वर्षांपूर्वी शंभर रुपयांत भरणारी पिशवी आज किती रुपयांत भरते. आणि भाज्यांचा किरकोळ भाव ज्या चौकटीत येतो, त्याच चौकटीत त्या दिवशीचा बाजार समितीतील भाव द्यावा. दोन्ही आकडे उपलब्ध असतात; ते आज निरनिराळ्या पानांवर, पुष्कळदा निरनिराळ्या आवृत्त्यांत, निरनिराळ्या भावांकडे जातात.