खवटपणाचा बहाणा

कोलेस्टेरॉल निर्दोष आहे, असं सांगणाऱ्या व्याख्यानांना हल्ली सभागृह भरतं. युक्तिवाद थोडक्यात असा : साधं एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, शरीराच्या कामाचंच आहे, धमन्या बिघडवतं ते फक्त ऑक्सिडीकरण झालेलं एलडीएल. डब्यातलं तेल वाईट नसतं, खवट झालं की वाईट. तेव्हा तपासणीतल्या आकड्याला भिऊ नका, साजूक तूप खा, अँटिऑक्सिडंट घ्या आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी टाकून द्या.

यातला आरंभ खरा आहे, म्हणूनच तो घातक आहे. गोल्डस्टीन आणि ब्राउन यांनी १९७९मध्ये दाखवलं की भक्षक पेशी साधं एलडीएल बेताने घेतात, पण रासायनिक बदल केलेलं एलडीएल मात्र अधाशासारखं गिळतात. पुरेसं कोलेस्टेरॉल आत आलं की पेशी एलडीएलचं नेहमीचं दार आवरतं घेते. बदललेलं एलडीएल ज्या दाराने येतं ते आवरलंच जात नाही. मग पेशीत मेदाचे थेंब साचत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली ती पेशी फेसाने भरल्यासारखी दिसते. शरीरात हा बदल ऑक्सिडीकरणाने होतो, हा विचार स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९मध्ये सविस्तर मांडला. इथवर आमचं भांडण नाही.

पण हे ऑक्सिडीकरण होतं कुठे? मुख्यतः वाहत्या रक्तात नव्हे. तिथे ते रोखणारे पदार्थ मुबलक असतात. एलडीएलचा कण धमनीच्या अस्तराखाली शिरतो, तिथल्या तंतुमय जाळ्यात अडकतो आणि तिथे त्याचं ऑक्सिडीकरण होतं. किती कण अडकणार हे रक्तात किती कण फिरताहेत यावर बरंचसं ठरतं. तेलाचाच दाखला हवा असेल तर डबा कायम काठोकाठ भरलेला ठेवून खवटपणाची तक्रार करण्यात अर्थ नाही.

आता 'अँटिऑक्सिडंट घ्या' या उपदेशाकडे येतो. माझा खरा राग इथे आहे, कारण या प्रश्नाचं उत्तर हजारो माणसांवर तपासून मिळालेलं आहे आणि ते श्रोत्यांपासून लपवलं जातं. १९९६मध्ये केंब्रिजच्या एका चाचणीत ई जीवनसत्त्वाने हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचं दिसलं. रुग्ण दोन हजार, आणि मृत्यू काही कमी झाले नव्हते. व्याख्यानात एवढीच चाचणी सांगतात, तीही मृत्यूंचा भाग गाळून. पुढे २००० साली साडेनऊ हजार रुग्णांची 'होप' चाचणी आली. ई जीवनसत्त्वाचे ४०० युनिट रोज, सुमारे साडेचार वर्षं. फायदा शून्य. मग २००२ साली ब्रिटनमधली 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी'. २०,५३६ माणसं, पाच वर्षं. रोज ई जीवनसत्त्व ६०० मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व २५० आणि बीटा कॅरोटीन २०. रक्तातली जीवनसत्त्वं वाढली. झटके, पक्षाघात, मृत्यू, काहीच घटलं नाही. आणि याच माणसांमध्ये, याच चाचणीत, निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम दिलं होतं. त्यांच्यात झटके आणि पक्षाघात सुमारे पाव हिश्शाने घटले. दोन्ही मतं एकाच मैदानात उतरली होती. निकाल याहून स्वच्छ कसा लागायचा? प्रोब्युकॉल हे तर ऑक्सिडीकरण रोखणारं जोरकस औषध. सशांच्या धमन्यांत त्याने कमाल केली, पण १९९४च्या स्वीडनमधल्या चाचणीत माणसांच्या मांडीतल्या धमन्यांवर त्याचा परिणाम दिसला नाही. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत बीटा कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढला, तेही १९९४मध्येच.

यावर उत्तर ठरलेलं असतं : जीवनसत्त्वं चुकीची निवडली, धमनीच्या भिंतीपर्यंत पोचलीच नाहीत, उशिरा दिली. असेल तसंही. पण मग सभागृहाच्या दाराशी मांडलेल्या आवळ्याच्या कॅप्सूल भिंतीपर्यंत कशा पोचतात, तेही सांगा. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी अशीच एक बाटली मला दाखवली. शेजारी तपासणीचा कागद होता, एलडीएल १८६. स्टॅटिन बंद करून चार महिने झाले होते, आणि 'माझं ऑक्सिडाइज्ड नाहीये' असं ते ठामपणे सांगत होते. कुणी मोजलं होतं? कुणीच नाही.

ही तऱ्हा जुनीच. वनस्पती तुपातली ट्रान्स मेदाम्लं घातक ठरली, तेव्हा 'म्हणजे साजूक तूप कितीही चालतं' असा निष्कर्ष याच मंडळींनी काढला होता. एक गोष्ट दोषी ठरली की दुसरी आपोआप सुटते, हा न्याय कुठला?

आईवडील दोघांकडून एलडीएल हटवण्याच्या कामातलं सदोष जनुक आलेल्या मुलांचं एलडीएल जन्मापासून भयंकर असतं आणि उपचार नसतील तर विशीच्या आत झटका येऊ शकतो. त्यांनी काय खवट खाल्लेलं असतं?

मग धरायचं काय? रक्तातले कण कमी ठेवायचे, लवकर आणि दीर्घकाळ. २००६मध्ये अमेरिकेतल्या ज्या कृष्णवर्णीयांचं एलडीएल जनुकामुळे जन्मापासून सुमारे २८ टक्के कमी होतं, त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्के कमी आढळला. त्यांनी कुठली कॅप्सूल घेतली नव्हती. ऑक्सिडीकरणाचं संशोधन जरूर चालावं, त्यातून उद्या औषधही निघेल. आज मात्र उपचार ठरतो तो एलडीएलच्या आकड्यावर, रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांचा हिशेब धरून.

दक्षिण आशियात पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हे २००४च्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दिसलं आहे. तुमच्या वडिलांना किंवा भावाला पन्नाशीआधी झटका आला असेल तर या आठवड्यात एलडीएल तपासून घ्या. आणि कुणाचं व्याख्यान ऐकून गोळी थांबवली असेल तर ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना उद्याच भेटा.