यात्रेची पिशवी आणि गुळाचा खडा



गेल्या माघात आमच्या घरातील अकरा माणसे मांगी-तुंगीच्या दर्शनास गेली होती. नाशिकहून पहाटे निघून, सटाणा व ताहराबाद मागे टाकून, आम्ही उजाडताना पायथ्याशी पोहोचलो. बागलाणातील हे सिद्धक्षेत्र आणि तेथील भगवान ऋषभदेवांची अखंड पाषाणातील १०८ फुटांची मूर्ती आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. २०१६ साली त्या मूर्तीची पंचकल्याणक प्रतिष्ठा झाली, तेव्हापासून यात्रेकरूंचा ओघ पुष्कळ वाढला आहे. गडाच्या सुमारे साडेतीन हजार पायऱ्या मात्र पूर्वी जेवढ्या उभ्या होत्या, तेवढ्याच आजही आहेत.

आमच्या मोठ्या काकांचे वय अडुसष्ट. मधुमेह जुना. दर्शन होईपर्यंत मुखात काही घालायचे नाही, असा त्यांचा नियम. सकाळची गोळी मात्र त्यांनी सवयीने घोटभर पाण्याबरोबर घेतली होती. निम्म्याहून अधिक चढण झाल्यावर ते एका पायरीवर बसले. थंडीचे दिवस असूनही कपाळावर घामाचे थेंब, हात थरथरणारे. काकूंनी विचारले, "अहो, बरे वाटत नाही का?" त्यावर त्यांनी दिलेले उत्तर कोणालाच नीट उमगले नाही, जीभ जड झाली होती.

औषधांची पिशवी माझ्याकडे होती, आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. त्या दिवशी तिच्यातून काय काय निघाले, ते सांगते. वेदनाशामक मलमाच्या दोन नळ्या, पित्ताच्या गोळ्या, कोणाच्या तरी जुन्या आजारातील उरलेली प्रतिजैविके, डोळ्यांत घालायचे औषध, तीन प्रकारच्या सर्दीच्या गोळ्या आणि चुरगळलेल्या वेष्टनातील कापूस. साखर मात्र चिमूटभरही नव्हती. शिदोरीचे डबे खाली गाडीत होते. नियम मोडायचा मोह नको म्हणून आम्हीच ते तेथे ठेवले होते.

शेजारून रिकामी डोली घेऊन उतरणारे दोघे थांबले. त्यांतील वयस्कर गृहस्थाने काकांकडे एकदाच पाहिले आणि सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. तीत गूळ होता. "बाबा, एवढा खडा तोंडात धरा," तो म्हणाला. काकांनी मान हलवून नकार दिला. तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, "नियम तुमचा आहे, पण तो पाळायला शुद्ध तर हवी ना? आधी हे घ्या. दर्शन झाल्यावर प्रायश्चित्त आपण दोघे मिळून घेऊ." काकांनी गूळ तोंडात घेतला. दहा-पंधरा मिनिटांत घाम थांबला, बोलणे स्पष्ट झाले. आम्ही त्यांना डोलीतून खाली आणले आणि डॉक्टरांना दाखवले. दर्शन पुढच्या खेपेस झाले.

या प्रसंगानंतर मी घरातील औषधांचा डबा पालथा घातला आणि नव्याने विचार केला. आपण व्यापारी माणसे. कोणत्या गिऱ्हाइकाला काय लागते, हे पाहून आपण माल भरतो. औषधांच्या पिशवीत मात्र मिळेल ते भरतो आणि भरल्या पिशवीकडे पाहून निश्चिंत होतो. प्रथमोपचाराची पिशवी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. बरोबर कोण आहे? जायचे कोठे आहे? आणि वैद्यकीय मदत मिळण्यास किती वेळ लागेल? म्हसरूळच्या गजपंथाच्या पायऱ्या चढताना शहर पायथ्याशी असते. मांगी-तुंगीला तसे नाही. म्हणून दोन्ही ठिकाणची पिशवी एकच असून चालत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका कार्डावर लिहावे. नाव, वय, रक्तगट, असलेले आजार, रोजच्या औषधांची नावे व मात्रा, कोणत्या औषधाचे वावडे आहे ते, आणि घरच्या दोन माणसांचे दूरध्वनी क्रमांक. कार्ड मराठीत आणि इंग्रजीत असावे व ज्याचे त्याच्या खिशात असावे. सुनेच्या पर्समधील सासऱ्यांचे कार्ड, सासरे एकटे असताना उपयोगाचे नाही. वैयक्तिक पिशवी म्हणतात ती यासाठीच. रोजची औषधे प्रवासाच्या दिवसांहून दोन दिवस अधिक घ्यावीत आणि मूळ वेष्टनातच ठेवावीत. वेष्टनावरची मुदत कापून टाकली की गोळी अनोळखी होते.

मधुमेही व्यक्तीच्या पिशवीत साखर, गूळ किंवा ग्लुकोजची पूड हवीच. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना उपाशीपोटी श्रम केल्यास हा धोका अधिक असतो. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली, किंवा मोजण्याचे यंत्र जवळ नसताना घाम, कंप, गोंधळ अशी लक्षणे दिसली, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. फरक नसल्यास पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर थोडे खाणे द्यावे. पुष्कळ पुस्तकांत मध सुचवलेला असतो. आपल्याकडे तो वर्ज्य असल्याने काही अडत नाही, साखर तेच काम करते. मात्र व्यक्ती बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी कुशीवर निजवून तत्काळ मदत मागवावी.

येथे तपस्वी वाचकांना एक विनंती. पोरसीच्या वा उपवासाच्या पच्चक्खाणातही आगार ठेवलेले आहेत. तीव्र आजारात चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषधाला वाव दिलेला आहे. आपल्या पूर्वाचार्यांनी हा विचार आपल्याआधीच केला आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तप धारण करण्यापूर्वी गुरुमहाराजांइतकेच डॉक्टरांनाही विचारावे आणि कोणती गोळी त्या दिवशी घ्यायची नाही, हे लिहून घ्यावे. चौविहार पाळणाऱ्यांनी संध्याकाळच्या औषधाची वेळ सूर्यास्तापूर्वी आणता येईल का, हेही आधीच विचारावे. वेळ स्वतःच्या मनाने बदलू नये.

आता सर्वांच्या पिशवीत असावे असे. निर्जंतुक गॉजचे चार-सहा तुकडे, दोन रुंद पट्ट्या, चिकटपट्टी, लहान जखमांच्या तयार पट्ट्या, बोथट टोकाची कात्री, चिमटा, हातमोज्यांचे दोन जोड, जंतुनाशक द्रावणाची छोटी बाटली, तापमापक, पॅरासिटामॉलची एक पट्टी आणि क्षारसंजीवनीची पाकिटे. वाहत्या रक्तावर स्वच्छ गॉज ठेवून दहा मिनिटे सलग दाब द्यावा. थांबले का हे पाहण्यासाठी दर मिनिटाला उचलू नये. प्रतिजैविके पिशवीत नकोत. ती डॉक्टरांनी त्या रुग्णाला, त्या आजारासाठी दिलेली असतात.

क्षारसंजीवनीविषयी थोडे सांगितले पाहिजे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे पाणी रुग्णांना पाजले आणि असंख्य प्राण वाचवले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. एवढी थोर वस्तू आज काही रुपयांत मिळते. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात, म्हणजे मोठे पाकीट एक लिटरमध्ये, संपूर्ण विरघळवावे. अर्धे पाकीट अंदाजाने टाकू नये. आपल्या घरी उकळून गार केलेले पाणी असतेच, ते उत्तम. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तयार पाणी चोवीस तासांनंतर वापरू नये.

भाजल्यावरचा उपचार पिशवीत नसतो, तो नळाला असतो. भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. आपल्या घरांत पाणी तुपासारखे वापरावे, असे लहानपणापासून शिकवलेले असते. माझ्या भाचीच्या हातावर उकळते दूध सांडले, तेव्हा दोन मिनिटांतच वडीलधाऱ्यांचा हात नळाकडे गेला आणि हळद-तूप लावण्यात आले. तो फोड भरून यायला महिना लागला. वीस मिनिटांचे पाणी हा अपव्यय नव्हे. खाली बादली ठेवावी, ते पाणी फरशी पुसण्यास येते. तूप, हळद, दंतमंजन, शाई यांपैकी काहीही लावू नये.

पथ्याचा आणखी एक प्रश्न वाचक भगिनी नेहमी विचारतात. पुष्कळशा कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांची हाडे व कातडे यांपासून काढतात. बहुतेक वेळा तेच औषध गोळीच्या वा द्रवाच्या रूपात मिळते. काही कवचे वनस्पतिजन्यही असतात. पिशवी भरतानाच, शांत वेळी, डॉक्टरांना व औषधविक्रेत्यांना विचारून बदल करून घ्यावा. आणीबाणीच्या क्षणी हातात असलेले औषध नाकारण्याची वेळ येऊ देऊ नये.

सर्पदंशावर पिशवीत काहीच उपाय नाही, हे ठाऊक असणे हाच उपाय. चिरा देऊ नये, घट्ट आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर २०१४ पासून विनामूल्य रुग्णवाहिका मिळते. जपमाळेचे मणी मोजणाऱ्या आपल्या हातांना हा आकडा विसरता येणार नाही.

पेढीवरच्या पेटीचे काय? १९४८ च्या कारखाना अधिनियमाने दर दीडशे कामगारांमागे एक पेटी आणि तिच्यासाठी एक प्रशिक्षित जबाबदार माणूस, अशी अट घातली. ठरलेल्या वस्तूंखेरीज त्या पेटीत दुसरे काही ठेवायचे नाही, असेही सांगितले. सातपूर-अंबडला कारखाना असणाऱ्यांना हे माहीत असते. परंतु रविवार कारंजावर चार नोकरांनिशी चालणाऱ्या दुकानालाही पेटी हवी. आमच्या दुकानातील पेटी उघडली, तेव्हा तीत बिलबुके होती आणि कात्री दिवाळीच्या खोक्यांसोबत कोठेतरी गेलेली होती.

म्हणून वर्षातून दोनदा मोजदाद करावी: महावीर जन्मकल्याणकाच्या सुमारास आणि दिवाळीत वहीपूजनाच्या सुमारास. मुदत संपलेले बाहेर, जवळची मुदत असलेले वर. मालाच्या बाबतीत जे आपण न चुकता करतो, तेच येथे करायचे. पिशवी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. उष्णतेने औषधे निकामी होतात.

काकांच्या सदऱ्याच्या खिशात आता कार्ड आहे आणि खडीसाखरेची डबी आहे. दुसऱ्या खेपेस आम्ही त्या डोलीवाल्या गृहस्थांना शोधून काढले आणि त्यांच्या सहकाऱ्यांसाठी पट्ट्या, गॉज व क्षारसंजीवनीच्या बारा पिशव्या दिल्या. औषधदान म्हणून आपण रुग्णालयांना देणग्या देतो, ते योग्यच आहे. पण त्या गृहस्थाने पुडी परत खिशात ठेवताना सहज सांगितले, ते मला अधिक मोलाचे वाटते: "वर दुकान नाही ना, बाई. कोणाला तरी रोज लागतो."

या अंकाचे वाचन संपले की घरातील डबा एकदा उघडून पाहावा, इतकीच विनंती.