टनाचा आकडा विंचेवर, भार बॅटरीवर



बाजारातले कोणतेही यंत्र घ्या. खोक्यावर एकच आकडा ठळक छापलेला असतो, आणि तो विकणाऱ्याच्या सोयीचा असतो. ओंडके ओढायच्या विजेवरच्या विंचेवर आकडा असतो २५०० पौंड, म्हणजे ११३४ किलो. हा आकडा खोटा नाही. तो अर्धा आहे. खोट्या आकड्याची तक्रार तरी करता येते; अर्ध्या आकड्याने बुडालेल्याला दुकानदारच उलट ऐकवतो, "तुम्हाला वापरता आले नाही."

आधी यंत्र काय ते समजून घेऊ. अमेरिकेतले निम्म्याहून अधिक जंगल खासगी मालकीचे आहे. त्यात कुटुंबांच्या मालकीचे लहान तुकडे पुष्कळ. तिथला शेतकरी आपल्या रानातला ओंडका बाहेर काढायला एटीव्ही वापरतो. ही चारचाकी गाडी. मोटारसायकलीसारखे हँडल, खोगिरासारखी बैठक, फुगीर टायर. पुढच्या बाजूला विंच बसवलेली. विंच म्हणजे मोटरवर फिरणारा ड्रम आणि त्यावर गुंडाळलेला दोर. दोर ओंडक्याला बांधायचा, बटण दाबायचे, ओंडका सरकत येतो. दिसायला सोपे आणि काम खरेच सोपे करणारे.

आपल्या गावात ही गाडी क्वचितच दिसेल. पण १२ व्होल्टची विंच आपल्या बाजारात आली आहे. जीपला लावतात, ट्रॅक्टरला लावायचाही विचार होतो. आपल्या धुऱ्यावर बाभूळ आहे, कडुनिंब आहे, कुठे साग आहे. ओंडका ओढायला चार माणसे मिळत नाहीत आणि बैलजोडी घरोघर राहिलेली नाही. म्हणून हा हिशेब आजच मांडला पाहिजे. कर्ज काढल्यावर मांडलेला हिशेब पंचनाम्याच्याच कामाचा.

तिजोरी, मजुरी आणि लग्नाचा खर्च

विंच ओढते ती बॅटरीच्या जिवावर. बॅटरी ही घरातली तिजोरी समजा. इंजिनला जोडलेला मॅग्नेट बॅटरी भरतो, ती रोजची मजुरी. आणि विंच म्हणजे लग्नाचा खर्च.

एटीव्हीची बॅटरी लहान असते, साधारण १८ अँपिअर-तासांची धरू. पूर्ण भाराजवळ विंच १५० अँपिअरच्या आसपास वीज खाते. यंत्रायंत्रांत फरक असेल, पण मासला हाच. बॅटरी निम्मी रिकामी होईपर्यंतच वापरायची म्हटले तर ९ अँपिअर-तास हाती येतात. १५० ने भागा. साडेतीन मिनिटे! तीही कागदावर, कारण एवढ्या जोराने उपसली की बॅटरी आपली पूर्ण साठवण देत नाही आणि व्होल्टेज घसरते.

आता परतफेड पाहा. मॅग्नेट एकूण तीस-एक अँपिअर देतो, तेही इंजिन रेसवर असताना. दिवे, इग्निशन, पंखा यांनी आपला वाटा घेतला की बॅटरीला पंधरा उरले असे धरू. नऊ भागिले पंधरा, म्हणजे ३६ मिनिटे. भरतानाही थोडी वीज वाया जाते, म्हणजे त्याहून अधिक. साडेतीन मिनिटांच्या ओढीसाठी अर्ध्या तासावर इंजिन चालवायचे आणि पेट्रोल जाळायचे. इंजिन बंद ठेवून ओढत बसलात तर संध्याकाळी गाडी सुरूच होणार नाही. मग ओंडका राहिला बाजूला, गाडीच ओढून आणायला बैल शोधा!

यातली गंमत अशी की गाडीचे इंजिन वीस-तीस हॉर्सपॉवरचे असते. ती ताकद चाकांना मिळते. विंचेच्या वाट्याला मॅग्नेटमधून येते ती चारशे वॅट, म्हणजे अर्धा हॉर्सपॉवर. विहीर भरलेली, पण दोराला तांब्या बांधलेला. खोक्यावर २५०० पौंड ठळक छापणारे हे त्याच ठळक अक्षरात का छापत नाहीत?

आणखी एक गोष्ट बारीक अक्षरात दडते. २५०० पौंडांची ओढ मिळते ती ड्रमवर दोराचा पहिलाच थर असताना. थरावर थर चढले की ड्रमचा घेर वाढतो आणि ओढ कमी होते. ओंडका जवळ येतो तेव्हा ड्रम भरलेला असतो, म्हणजे शेवटच्या हिसक्याला विंच सर्वांत दुबळी असते.

विंच मोठी नको, ओंडक्याचे तोंड उचला

दुकानदाराचे उत्तर तयार असते, "मोठी विंच घ्या." मोठी विंच म्हणजे मोठा खर्च, तिजोरी तीच आणि मजुरीही तीच. आम्ही उलटे सांगतो. आधी ओंडक्याचे वजन करा.

दहा फूट लांब, एक फूट जाडीचा ओला ओंडका पाण्याच्या वजनाने धरला तर दोनशे-सव्वादोनशे किलो भरतो. सपाट जमिनीवर तो घसटत न्यायला त्याच्या वजनाहून अधिक ओढ सहसा लागत नाही. मग अकराशे किलोंची विंच का कण्हते? कारण ओंडक्याचे तोंड मातीत रुतते. तो नांगरासारखा जमीन फोडू लागतो, दगडाला किंवा खुंटाला अडतो. विंच ओंडका ओढत नसते, ती तुमचे रान नांगरत असते.

अमेरिकेतले जाणकार यावर दोन उपाय करतात. ओंडक्याच्या तोंडाला शंकूसारखी टोपी घालतात, ती अडथळ्यावरून घसरते. किंवा दोन चाकांच्या लोखंडी कमानीला ओंडक्याचे तोंड टांगतात, मग मागचे टोक तेवढे जमिनीला घासते. अशी कमान गावातला वेल्डर जुन्या चाकांवर करून देईल.

तिसरा उपाय कप्पीचा. कप्पी ओंडक्याला बांधा, दोर तिच्यातून फिरवून परत गाडीकडच्या भक्कम हुकाला अडकवा. विंचेवरचा भार जवळजवळ निम्मा होतो, विजेचा उपसाही बराच उतरतो. वेग निम्मा होतो आणि दोर दुप्पट लागतो, पण मोटर जळत नाही.

हे आपल्याला नवे नाही. मोटेच्या विहिरीला धाव असायची ती उताराची. भरली मोट ओढताना बैल उताराला चालावेत, त्यांचे वजन ओढीला लागावे, ही ती युक्ती. ज्या बापजाद्यांना अडाणी म्हटले गेले, त्यांनी ओढणाऱ्याची ताकद आणि ओढायचा भार यांचा मेळ आधी घातला होता.

एवढे करूनही विजेची विंच वापरायची तर वापरा, आमची हरकत नाही. पण ट्रॅक्टरच्या मापाची, ८०-९० अँपिअर-तासांची वेगळी बॅटरी विंचेला द्या, म्हणजे गाडी सुरू करायची बॅटरी शाबूत राहील. ती रात्री घरच्या चार्जरवर भरा. तांब्याची जाड केबल वापरा. घरगुती वायरिंगची तार १५० अँपिअरला वितळेल आणि रान पेटेल. बॅटरीजवळ कटआउट हवाच. मिनिटभर ओढा, मग मोटर हाताला गार लागेपर्यंत थांबा. आणि ट्रॅक्टर असेल तर विजेची विंच हवीच कशाला? नॉर्वे, स्लोव्हेनियासारख्या देशांत पीटीओवर चालणारी विंच बनते. ती इंजिनाची ताकद थेट घेते, बॅटरीच्या दारात जात नाही.

तुटलेला दोर माणूस ओळखत नाही

ताणलेली पोलादी दोरी तुटली की चाबकासारखी फिरते. दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये, पोरांना तर रानाबाहेर ठेवावे. ताणलेल्या दोरावर ओले गोणपाट टाकावे. दोर ओलांडू नये, हातमोज्याशिवाय धरू नये. ड्रमवर किमान पाच वेढे शिल्लक ठेवावेत. गाडीची चाके अडवावीत आणि ओढ सरळ समोरून घ्यावी. आडव्या ओढीने गाडी उलटते.

उलटण्याची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. या गाड्या आधी तीनचाकी होत्या. अपघात इतके झाले की १९८८ साली अमेरिकी सरकारशी करार करून कंपन्यांना तिथे तीनचाकीची विक्री थांबवावी लागली. माणसे मोडल्यावर कागद झाला. आपल्याकडे तो आधी व्हावा.

दोन्ही उपदेशक एकाच माळेचे

एक पंथ सांगतो, शेतकऱ्याने बैलच धरून बसावे, यंत्र त्याला झेपत नाही. दुसरा सांगतो, यंत्र घ्या, अनुदान आहे, प्रश्न मिटला. पहिला आम्हाला अडाणी समजतो, दुसरा गिऱ्हाईक. दोघांनाही आमच्या हातात पूर्ण हिशेब द्यायचा नाही. कापसाच्या भावात आणि ज्वारीच्या उताऱ्यात कोरडवाहू शेतकऱ्याची बाकी किती उरते ते तुम्ही जाणता. त्या बाकीतून चुकीचे यंत्र एकदाच घेता येते. दुसरी संधी सावकार देतो, आणि त्याच्या व्याजाने देतो.

आणि धुऱ्यावरचा साग आपण लावला, आपण वाढवला, तरी तोडायला १९६४ च्या कायद्याखाली परवानगी लागते, वाहून न्यायला पास लागतो. विंच घेण्याआधी तो कागद हातात घ्या. ओंडका रानात अडकून पडला तर विंचेचा हप्ता थांबत नाही.

जिल्हा बैठकीत आम्ही पुढील मागण्या मांडणार आहोत. वाचून या, आपल्या गावचे म्हणणे घेऊन या.

१. प्रत्येक विंचेवर किती भाराला किती अँपिअर, कोणत्या थराला किती ओढ आणि सलग किती मिनिटे चालवायची, हे मराठीत ठळक छापले पाहिजे.

२. ज्या गाडीला विंच लावायची तिचा मॅग्नेट किंवा अल्टरनेटर मंद आणि रेसवर किती वीज देतो, हे विकणाऱ्याने लेखी दिले पाहिजे.

३. ट्रॅक्टरची चाचणी मध्य प्रदेशात बुधनीच्या केंद्रात होते आणि तिचा अहवाल निघतो. शेतीसाठी विकल्या जाणाऱ्या विंचेचीही तशी चाचणी व्हावी. अहवाल पाहिल्याशिवाय अनुदान नको.

४. स्वतः लावलेल्या झाडाच्या परवानगीला मुदत असावी. मुदतीत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरावे.

तोपर्यंत दुकानात गेलात तर टन विचारू नका. अँपिअर विचारा. दुकानदार गप्प बसला, तर पैसे कनवटीला ठेवा आणि गावाची वाट धरा.