फक्त झोपायलाच तर जायचंय!

सुट्टीतली सहल ठरवताना एक वाक्य बहुतेक घरांत बोललं जातं. पार्कची तिकिटं झालेली असतात, पाण्यात घालायचे कपडे शोधून झालेले असतात, चिवड्याच्या डब्याची जबाबदारी कुणाकडे तेही ठरलेलं असतं. विषय हॉटेलवर येतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘‘अरे, खोलीत काय करायचंय? रात्री फक्त झोपायलाच तर जायचंय!’’ झालं. पार्किंग असलेली, नाश्ता फुकट असलेली आणि त्यातल्या त्यात स्वस्त खोली ठरते. स्विमिंग पूल आहे का, एक्स्ट्रा बेडचे किती, जेवण शुद्ध शाकाहारी आहे का, हे सगळं फोनवर विचारलं जातं. जायचं असतं झोपायला, आणि तिथं झोप लागते का, एवढंच विचारायचं राहतं.

आपल्या छत्रपती संभाजीनगरातून अशा सहलीच्या तीन वाटा आहेत. सगळ्यात जवळची शिर्डी. आजी-आजोबांना दर्शन, नातवंडांना तिथलं वॉटर पार्क, एका मुक्कामात दोन्ही पिढ्या खूश. दुसरी खोपोली-पाली रस्त्यावरची इमॅजिका. २०१३च्या एप्रिलमध्ये ती सुरू झाली आणि मराठवाड्यातल्या मुलांना ‘मुंबईला जायचं’ याचा एक नवा अर्थ मिळाला. तिसरी वाट अजिंठा एक्सप्रेसची: रात्री बसायचं, सकाळी हैदराबाद, मग रामोजी फिल्म सिटी. तिन्ही ठिकाणी दिवस सारखाच जातो. ऊन, रांगा, किंकाळ्या, लाउडस्पीकरवरची गाणी, ओले कपडे, आणि ‘अजून एकदाच’ म्हणून पुन्हा रांगेत उभं राहणं. असा दिवस अंगावर घेतलेल्या मुलाला रात्री गाढ झोप हवी असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६मध्ये सांगितलं. रात्री साडेअकराला खोलीत पोचलेल्या आणि नाश्ता संपेल म्हणून सातला उठवलेल्या मुलाचा हिशोब तुम्हीच करा. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता ते रस्त्यातच भोकांड पसरतं, तेव्हा आपण त्याला हट्टी म्हणतो.

मोठ्यांचंही फार वेगळं नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६मध्ये परक्या जागी झोपलेल्या माणसांच्या मेंदूची नोंद घेतली. पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, बारीकशा अनोळखी आवाजालाही तो जागा होतो, असं त्यांना दिसलं. तीच माणसं काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा झोपली तेव्हा हा फरक उरला नव्हता. आता आपल्या सहली पाहा. एक रात्र शिर्डी, एक रात्र नाशिक, एक रात्र लोणावळा: रोज पहिलीच रात्र. आणि या सगळ्यांत कमी झोपलेला माणूस परतीला समृद्धी महामार्गावर स्टिअरिंगमागे बसतो. सरळसोट काँक्रीट, ताशी १२०ची मर्यादा, मागच्या सीटवर सगळे पेंगलेले. शांत खोली ही चैन नाही असं मी म्हणतो, ते या माणसाकडे बघून.

आपल्याकडच्या हॉटेलांतला सगळ्यात मोठा आवाज रस्त्याचा नसतो, लग्नाचा असतो. आपल्या बीड बायपासवर फिरून या. जिथं लॉन आहे तिथं खोल्या आहेत, जिथं खोल्या आहेत तिथं हॉल आहे. हॉटेलवाल्यालाही दोष देता येत नाही. चार खोल्यांच्या पर्यटकापेक्षा चारशे पानांचं लग्न त्याला परवडतं. पण शाळांची सुट्टी आणि लग्नाच्या तिथी एकाच महिन्यांत येतात, त्यामुळे थीम पार्कला निघालेलं कुटुंब आणि डीजे एकाच आवारात मुक्कामाला येतात. म्हणून खोली घेताना मोबाइलवरचे तारे मोजण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय उघडावं, हा माझा पहिला सल्ला. लग्नाची मोठी तिथी असेल त्या रात्री लॉनवालं हॉटेल घ्यायचंच नाही. २०२६मध्ये तर पंचांगानं सोयच करून ठेवली आहे: १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. अधिक मासात लग्नं लागत नाहीत, जावयाला धोंड्याचं जेवण तेवढं मिळतं, आणि त्याला डीजे लागत नाही. दिवाळीची सुट्टीही याच हिशोबानं बरी, कारण तुळशीचं लग्न लागल्याशिवाय माणसांची लागत नाहीत. (हल्ली काही पंचांगं चातुर्मासातही मुहूर्त देतात. देवांना झोपू देत नाहीत, तिथं पर्यटकांचं काय!)

‘‘दहाला बंद होतं साहेब सगळं,’’ असं रिसेप्शनवरचा मुलगा सांगतो. तो खोटं बोलत नसतो, अर्धं बोलतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ती वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. पण त्याच नियमात एक अपवाद आहे. सभागृह, कॉन्फरन्स रूम, बँक्वेट हॉल अशा बंद जागेत, आतल्या आत ऐकू जाण्यापुरता लाउडस्पीकर रात्रीही चालतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं बंद असलेला हॉल नेमका तुमच्या गादीखाली असला तर बारा वाजता त्याचा बास गादीतून पोटात येऊ शकतो. त्यामुळे ‘लॉनवर कार्यक्रम आहे का’ एवढं विचारून भागत नाही. हॉल कितव्या मजल्यावर आहे आणि आज तो कुणी घेतलाय, हेही विचारायचं.

शिवाय दहाला थांबतो तो डीजे. नंतरचं लग्न थांबत नाही. पाठवणी होते, मग केटररची पातेली एकमेकांवर आदळतात, स्टीलच्या खुर्च्यांच्या चळती रचल्या जातात, मांडवाचे पाइप टेम्पोत फेकले जातात आणि तो टेम्पो रिव्हर्स घेताना एक ठरलेली धून वाजवतो. लाउडस्पीकरच्या बंदीत यातलं काही बसत नाही, आणि झोपमोड करायला गाण्यापेक्षा हेच जास्त समर्थ असतं. गाणं सलग असतं, पातेलं अचानक पडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९मध्ये दिलेला सल्ला असा, की झोपायच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या आत असावा आणि मध्येच येणारा एखादा आवाज ४५च्या वर जाऊ नये. आपल्या नियमांत व्यापारी भागातली रात्रीची मर्यादा ५५ आहे, तीही खोलीबाहेरची. नीट बंद होणारी साधी खिडकी वीस-पंचवीस डेसिबल अडवते, म्हणजे गणित कागदावर जेमतेम जमतं. प्रत्यक्षात जालना रोडसारख्या रस्त्यावर मर्यादा कोण पाळतं, आणि हॉटेलातली सरकती अॅल्युमिनियमची खिडकी नीट बंद कुठे होते? बोटभर फट राहिली तरी काचेचा उपयोग बराचसा गेला. खोली बघायला गेलात तर गादी दाबून बघू नका, खिडकी ओढून बघा.

आता खोली कुठली मागायची? ‘वरच्या मजल्यावरची द्या’ हा आपला ठरलेला उपाय, आणि तो अर्धवट आहे. रस्त्याचा आवाज उंचीनं फारसा घटत नाही, कारण वर गेल्यावर रस्त्याचा जास्त लांब पट्टा खिडकीसमोर येतो. वाहत्या रस्त्यापासून अंतर दुप्पट झालं तर आवाज तीनच डेसिबलनं उतरतो. कानाला अर्धा वाटायला दहानं उतरावा लागतो. त्यापेक्षा इमारत मध्ये घालावी. पहिल्या मजल्यावरची मागची खोली पाचव्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीपेक्षा शांत निघते, हा माझा अनुभव आहे. मागे जनरेटर नसेल तर! जनरेटरच्या पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाणार हे पंचांगात न बघताही सांगता येतं. अगदी वरचा मजलाही जपून घ्यावा. गच्चीवर रूफटॉप रेस्टॉरंट असतं, नाहीतर पाण्याची टाकी असते, जिची मोटर पहाटे पाचला सुरू होते. लिफ्टशेजारची खोली नको, चादरी ठेवायच्या खोलीशेजारची तर नकोच, तिथं सकाळी सहापासून ट्रॉल्या फिरतात. आणि कनेक्टिंग रूम फक्त दोन्ही बाजूंना आपलीच माणसं असतील तर. मधलं दार पातळ असतं आणि पलीकडच्या कुटुंबाचं भांडण आपल्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळतं.

इमॅजिकासाठी लोणावळ्याला उतरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट नकाशात पाहावी, ती म्हणजे रेल्वेची रेघ. कर्जतहून लोणावळ्यापर्यंत बोर घाटाचा चढ ३७ला १ असा आहे. तिथं गाड्यांना मागून जोर द्यायला जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. दिवसा हे सगळं बघायला मुलांना थीम पार्कहून कमी आवडत नाही. रात्री दोन वाजता, रुळांपासून हाकेच्या अंतरावरच्या ‘व्हॅली व्ह्यू’ खोलीत, त्याच इंजिनांच्या शिट्ट्या कुणाला आवडत नाहीत. शिर्डीत प्रश्न रुळांचा नाही, तारखांचा आहे. रामनवमी, गुरुपौर्णिमा, विजयादशमी या तीन उत्सवांत गाव रात्रभर जागं असतं, मंदिरही उघडं असतं. ते जागं असावंच, तो उत्सव आहे. त्या दिवसांत दर्शनाला जावं, मुलांना घसरगुंड्यांवर न्यायला दुसरा दिवस बघावा.

एवढं करूनही आवाज येतोच. अशा वेळी माझा भरवसा पंख्यावर आहे. मराठवाड्यातली मुलं उन्हाळाभर कूलरच्या घरघरीत झोपतात, तिच्यावाचून त्यांना चुकल्यासारखं होतं. एसीच्या बंद खोलीत ती घरघर नसते आणि मग बाथरूममधला नळ ऐकू येतो, कॉरिडॉरमधली चप्पल ऐकू येते. पंखा पूर्ण सोडला की सलग आवाजात हे तुटक आवाज बुडतात. दाराखालच्या फटीला ओला टॉवेल लावा, सहलीत ओले टॉवेल कमी नसतात.

आणि आता जे बोलायला जड जातं ते. हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये रात्री बाराला जो गलका असतो तो बहुतेक वेळा आपलाच असतो. तीन खोल्या घेतलेलं एक कुटुंब, तिन्ही दारं सताड उघडी, मुलं या खोलीतून त्या खोलीत धावतायत, काका दारात उभे राहून उद्या किती वाजता निघायचं ते ओरडून ठरवतायत, आणि चार्जर कुणाकडे आहे याची चौकशी मजल्याच्या या टोकाहून त्या टोकाला चाललीय. वाड्यात राहिलेल्या समाजाला कॉरिडॉर हा सोपाच वाटतो. त्या मजल्यावर इतर बिऱ्हाडंही आहेत आणि त्यांचा आपल्या चार्जरशी संबंध नाही, हे कुणी सांगितलं तर आपल्याला अपमान वाटतो. रिसेप्शनवाला त्यामुळे सांगायलाही धजत नाही. मी एकदा तक्रार केली तेव्हा त्यानं कमालीच्या अदबीनं विचारलं, ‘‘सर, तुम्हालाच दुसरी खोली देऊ का?’’

शांत मुक्कामाचं वावडं या मातीला कधीच नव्हतं. अजिंठ्याला वाघूर नदीच्या वळणावर जे विहार कोरले, ते भिक्खूंनी पावसाळ्यात राहण्यासाठीच: मध्ये मंडप, तिन्ही बाजूंना एकेका दाराच्या लहान खोल्या. आजच्या हॉटेलचा नकाशा यापेक्षा फार वेगळा नाही. फरक एवढाच, की दोन खोल्यांमध्ये त्यांनी डोंगर तसाच ठेवला आणि आपण चार इंची वीट घालतो.

वीट बदलणं महागाचं आहे, हे मान्य. पण खोल्यांची खरी माहिती द्यायला हॉटेलवाल्यांना काही खर्च नाही. वेबसाइटवर गादीचे, शॉवरचे, पुलाचे, पोह्यांच्या बशीचे फोटो असतात. लॉन कुठल्या बाजूला, जनरेटर कुठे, रस्ता कुठे, याचा एक साधा नकाशा मी अजून कुठे पाहिलेला नाही. पुलाकडची खोली म्हणून जादा पैसे घेता येतात, तर मागच्या शांत खोलीचे का नाहीत? मी देईन. आणि लॉनकडच्या खोल्या दोनशे रुपयांनी उतरवून विकल्या तरी त्या रिकाम्या राहणार नाहीत, वऱ्हाडातली पोरं आधी त्याच मागतील.